आकाशातून पडलेला पाहुणा

२०२२ सालच्या गुढीपाडव्याला मी मेडशीत मेव्हण्यांच्या गच्चीवर पुरणपोळी जिरवत पडलो होतो. एवढ्यात आकाशातून जळते गोळे रांगेने निघाले. खाली एकच गलका! सकाळी बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे असावे, असे जाणकारांनी पुढे सांगितले.

मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, कड्याचं सोडा. आपल्या वावरात माणूसच पडला असता तर?"

पुस्तकी ज्ञान पाजळायची संधी मी कशाला सोडतो! म्हणालो, "तजवीज आहे. १९६७ च्या करारात अंतराळवीराला मानवजातीचा दूत म्हटलंय. १९६८ च्या करारानुसार तो अपघाताने कुणाच्या हद्दीत उतरला, तर त्याला लगेच वाचवायचं आणि सुखरूप परत पाठवायचं. भारतही त्यात आहे. यानाचा तुकडा परत केला, तर खर्च यान सोडणाऱ्याकडून मिळतो. माणसाला वाचवण्याच्या खर्चाबद्दल मात्र चकार शब्द नाही. कलम राहून गेलं बहुतेक!"

"राहून कसलं जातंय? मागं तुमची जीप बंद पडली, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं ओढून आणल्याचे डिझेलचे पैसे मोजून घेतले. पण त्याच्या घरच्या पिठलं-भाकरीचे पैसे तुम्ही काढले, तर म्हातारी केवढी चिडली!"

मी गप्प झालो. त्या म्हातारीने करार वाचला नव्हता. करार लिहिणाऱ्यांनीच अशी एखादी म्हातारी पाहिली असावी.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण रात्री झोप येईना. महिन्यापूर्वी अकोल्याच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला पडलेला दिसला होता. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली कायद्यात तरतूद झाली, हे मला पाठ होते. तरी पोलीस, साक्ष, तारखा एवढेच आठवले आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "चल." चारशे किलोमीटरवरून पडला असता तर मानवजातीचा दूत; बिचारा तीन फुटांवरून पडला!

परतताना त्या वळणावर गाडी हळू घ्यायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, त्याला मागच्या ट्रकवाल्यानं उचललं. वाचला."

जिवावरचे ओझे उतरले. मान मात्र वर होईना.