न्हाणीघरातील गवई

चारचौघांत गाण्याचा आग्रह झाला की जो मनुष्य घसा बसल्याची अथवा उशीर झाल्याची सबब सांगून उठतो, तोच मनुष्य न्हाणीघराचे दार लावल्यावर दुसऱ्या तांब्याला गाऊ लागतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर विनोद पुष्कळ झाले, विचार मात्र फारसा झाला नाही. हा गवई बहुधा गाणे शिकलेला नसतो. अंतरा त्याला येत नाही, म्हणून तो मुखडाच पाच वेळा म्हणतो; आणि तरीही त्या दहा मिनिटांत त्याला जो आनंद होतो, तितका तिकीट काढून ऐकलेल्या मैफलीत होत असेल की नाही याची आम्हांस शंका आहे. हा आनंद खरा की खोटा, आणि त्याला हरकत घेण्याचा अधिकार कोणास आहे, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेतला आहे.

पहिली हरकत ध्वनिशास्त्राची आहे व ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. न्हाणीघर गाणाऱ्याची खुशामत करते, असे ते शास्त्र सांगते. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात एक व्याख्यानगृह नवे बांधलेले होते. पण तेथे वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून श्रोत्यांस काही उमगेना. ते सुधारण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आले. रिकाम्या दालनात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळतो असे त्यांस आढळले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणाव्या, मांडाव्या, मोजमाप घ्यावे आणि त्या परत पोचवाव्या, असा क्रम त्यांनी चालविला. मऊ वस्तू आवाज पितात व कठीण वस्तू तो परत फेकतात, ही गोष्ट त्यांनी आकड्यांत बसविली. निरीक्षकाच्या अंगावरील कपड्यांनीही मोजमापात फरक पडतो असे दिसताच सॅबाइन दर वेळी एकच पोशाख घालून प्रयोगास बसू लागले. आता आमच्या न्हाणीघरात गादी नाही, पडदा नाही, आणि गवयाच्या अंगावर वस्त्रही नाही! फरशी, भिंत, पितळी घंगाळ, यांपैकी कोणीच आवाज गिळीत नाही. शिवाय खोली लहान. समोरासमोरच्या दोन भिंतींत दीड मीटरचे अंतर असले तर सेकंदास सुमारे ११५ कंपनांचा सूर तेथे विशेष घुमतो, आणि पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारणपणे याच्याच आसपास असतो. स्त्रियांचा आवाज जवळजवळ दुप्पट कंपनांचा. त्यालाही वरचा घुमारा सापडतो. म्हणूनच किरट्या आवाजाच्या गृहस्थासही तेथे आपल्या छातीत खर्ज दडलेला असल्याचा साक्षात्कार होतो.

तर मग हा आनंद म्हणजे भिंतींनी केलेली फसवणूक होय काय? आम्हांस तसे वाटत नाही. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून लोक स्वतःचेच नाव मोठ्याने उच्चारतात आणि ते पुनःपुन्हा परत आलेले ऐकून हसतात. त्यांना कोणी आत्मवंचक म्हणत नाही. मोठमोठी संगीतगृहे बांधणारे शिल्पज्ञ तरी दुसरे काय करतात? गाणाऱ्याच्या आवाजाला वास्तूचे साहाय्य मिळावे यासाठीच त्यांची सारी खटपट असते. मैफलीतील घुमारा तेवढा कला आणि मोरीतील घुमारा तेवढा लबाडी, हा न्याय भिंतीच्या किमतीवरून केलेला दिसतो.

खरे साहाय्य भिंतीपेक्षा पाण्याचे आहे. तंबोरा षड्ज आणि पंचम अखंड धरून ठेवतो, त्यामुळे केसभर ढळलेला स्वरही उघडा पडतो. बादलीत पडणाऱ्या धारेत लहानमोठ्या असंख्य कंपनांची सरमिसळ असते. तिला स्वतःचा सूरच नाही, म्हणून तिच्याशी बेसूर होणे शक्य नाही. तंबोरा चूक दाखवितो, पाणी ती झाकते. ज्याला विद्या मिळवावयाची आहे त्याने तंबोऱ्यापाशीच बसले पाहिजे. पाण्याच्या साथीने कोणी गवई झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु विद्या निराळी आणि ज्यासाठी विद्या मिळवावयाची तो आनंद निराळा. आमच्याकडील रसचर्चेत अभिनवगुप्तांनी रसास्वादाची विघ्ने सांगितली आहेत. मनुष्य स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन बसणे हे त्यांतील एक. चारचौघांत गाणाऱ्या अशिक्षित मनुष्याला नेमके असेच विघ्न आडवे येते. आपले काय होणार, लोक काय म्हणणार, ही चिंता त्याला इतकी व्यापते की पद त्याच्या कानांपर्यंत पोचतच नाही. त्याला ऐकू येते ती केवळ समोरच्यांची संभाव्य प्रतिक्रिया. न्हाणीघरात ही मंडळी दाराबाहेर राहतात, आणि तो कदाचित दिवसभरात प्रथमच गाणे ऐकतो. ते स्वतःचे असते, ही गोष्ट त्या वेळी गौण असते.

पण मंडळी दाराबाहेर राहिली तरी त्यांचे कान उघडे असतात, आणि येथेच दुसरी हरकत उभी राहते. तिला इमान्युएल कांट यांच्यासारखा वकील मिळालेला आहे. १७९० च्या आपल्या निर्णयशक्तीवरील ग्रंथात त्यांनी संगीतावर शिष्टाचाराच्या उणिवेचा ठपका ठेवला. चित्र नको असेल तर दृष्टी वळविता येते. संगीत मात्र शेजाऱ्यावर लादले जाते. खिशातून सुगंधी रुमाल काढणारा जसा भोवतालच्या सर्वांस तो वास घ्यावयास लावतो, तसेच हे, असा त्यांचा दृष्टांत आहे. हे मत निव्वळ तर्काने बनलेले नव्हते. कोनिग्सबर्ग येथे त्यांच्या घराजवळ तुरुंग होता. तेथील कैदी मोठ्याने भजने म्हणत, आणि १७८४ साली कांट यांनी नगराध्यक्ष हिपेल यांस पत्र लिहून त्याविषयी तक्रार केली. कैद्यांनी खिडक्या लावून गावे, एवढी त्यांची मागणी होती. तत्त्वज्ञाची शांतता मोलाची होती यात संशय नाही. मात्र ज्यांचे सर्व काही कुलपात होते, त्यांच्यापाशी उरलेली एकच मोकळी वस्तू दुसऱ्यास उपद्रव ठरावी, ही गोष्ट वाचताना आमचे मन तत्त्वज्ञाच्या बाजूस पुरते जात नाही. चाळीत राहिलेल्या कोणासही शेजाऱ्याची बाजू समजावून सांगावी लागत नाही. तरीपण न्हाणीघरातील गवयाला एक बंधन निसर्गतःच आहे: पाणी संपले की मैफल संपते, आणि बाहेर कोणीतरी दारावर थाप मारीत उभे असतेच.

शेजाऱ्याच्या त्रासाची ही सबब आमच्या घरांत मात्र सर्वांस सारखी लागू नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे नाटकातील पदे प्रेक्षकांबरोबर घरी येऊ लागली आणि बंबाच्या धुराबरोबर न्हाणीघरातून बाहेर पडू लागली. घरातील कर्ता पुरुष पद म्हणत स्नान करीत असला तर स्वारी आज खुशीत आहे असे सर्वांनी ओळखावे. तेच सुनेने नुसते गुणगुणावे, की ओसरीवरून खाकरणे ऐकू येई. तिचे स्नान पहाटे सर्वांच्या आधी आणि गुपचूप उरकावयाचे. तिला गाण्याची जागा होती ती जात्यापाशी. तेथे गाणे कामाच्या पोटात शिरत होते, म्हणून ते क्षम्य होते. आणि जात्याची घरघर तिच्यासाठी तेच करी जे पाण्याची धार पुरुषासाठी करीत होती. त्या आवाजाच्या आडोशाने तिने भाऊ, माहेर, विठ्ठल, नवऱ्याचा मार, सासूचा जाच, सगळे गाऊन घेतले. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. यांतल्या किती ओव्या चारचौघांत, श्रोत्यांसमोर म्हणता आल्या असत्या? पुढे पिठाची गिरणी आली, पहाटेचे ते कष्ट गेले, आणि ते गेले हे फार चांगले झाले. पण त्या कष्टांबरोबर गाण्याची जागाही गेली, आणि तिच्या मोबदल्यात त्या बाईस दुसरी जागा द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही.

याच सुमारास दुसरेही एक स्थित्यंतर घडत होते. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, आणि हळूहळू उत्तमोत्तम गाणे सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात पोचले. हा लाभ थोर आहे. त्याची कुरकूर करणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि पूर्वी ज्याच्या आवाजाची तुलना गावातील भजनी मंडळातल्या चार जणांशी होत असे, त्याची तुलना आता देशातील सर्वोत्तम गळ्याशी होऊ लागली. साहजिकच तो गप्प बसला आणि श्रोता झाला. शाळेच्या समूहगानात एखाद्या मुलास ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याला कार्यक्रम नीट व्हावा एवढेच हवे असते. त्या मुलाने ते वाक्य चाळीस वर्षे सांभाळून ठेवले, हे त्याच्या गावीही नसते. बेसुराला बेसूर म्हणणे खोटे नव्हे. पण परीक्षा कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये याचा विवेक परीक्षकास असावा लागतो, आणि तो शास्त्राने येत नाही.

ते मूल पुढे मोठे होऊन कचेरीत जाऊ लागते, आणि सकाळी नळ सोडून गाऊ लागते. आता शहरांतून घरे एकावर एक रचलेली आहेत. एकाखाली एक असलेल्या न्हाणीघरांच्या झडपा एकाच अरुंद पोकळीत उघडतात, आणि त्या पोकळीतून आवाज मजल्यामजल्यांवर फिरतो. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सात वाजता एक जुने नाट्यपद अर्ध्यावर सोडतात. साडेसातच्या सुमारास पाचव्या मजल्यावरची बाई, मुलांचे डबे भरून झाल्यावर, आत जाते. आणि पुष्कळदा तेच पद, सोडलेल्या जागेपासून, पुढे म्हणते. उद्वाहकात दोघांची गाठ पडते तेव्हा पाणी किती वाजता जाणार याविषयी बोलणे होते.