दहापैकी किती?

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही दिवस उज्जैनला होतो. फ्रीगंजात राहणारे आमचे एक जुने स्नेही आम्हांला स्टेशनवर घ्यायला आले, ते नव्या गाडीतून. सामान ठेवून आम्ही आत बसलो. दार इतक्या हलक्या हाताने लागले की ते लागले की नाही हे पाहण्यासाठी आम्ही पुन्हा वळून पाहिले. आयुष्यभर धंद्यात राबून, मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकून, त्यांनी साठी उलटल्यावर ही परदेशी नावाची मोठी मोटार घेतली होती. किंमत पन्नास लाखांच्या वर. आम्ही कौतुक करू लागलो तोच त्यांनी हात वर केला, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "थांबा. ऐका."

आम्ही ऐकू लागलो. काहीच ऐकू येईना. "येतंय का? टिक्... टिक्..." देवास रोडला लागेपर्यंत आम्हांलाही ते ऐकू येऊ लागले. समोरच्या फळीच्या आतून, उजवीकडून, घड्याळासारखे. आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरे काही ऐकूच येईना! घरी पोचेपर्यंत आमच्यात दुसरा विषय निघाला नाही. ज्या माणसाला आम्ही सहा वर्षांनी भेटत होतो, त्याची प्रकृती विचारायचे राहून गेले.

पुढच्या दोन दिवसांत त्या गाडीची सारी गाऱ्हाणी आम्ही ऐकली. मधला काचेचा पडदा अधूनमधून गोठतो, मग गाडी बंद करून पुन्हा चालू करावी लागते. गोपाळ मंदिराच्या बाजूला गर्दीत शिरले की चारही बाजूंचे इशारे एकदम ओरडू लागतात. गतिरोधकावर पोट घासते. खड्ड्यात आदळून एका टायरच्या कडेला सुपारीएवढा फुगा आला, तो टायर बदलावा लागला आणि त्याचे पैसे हमीत बसले नाहीत. शिवाय एक पिवळा दिवा सारखा लागतो.

या यादीतले सगळेच काही गाडीचे दोष नव्हेत. त्या पिवळ्या दिव्याचेच पाहा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेलच्या मोटारींत धुरातली काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाळणीत साठलेली काजळी उष्णतेने जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावली पाहिजे. आमचे स्नेही गाडी कुठे नेत? घरापासून दुकान, दुकानापासून टॉवर चौक, फार तर नानाखेड्यापर्यंत. गाळणी तुंबणार नाही तर काय होईल? गाडीबरोबर मिळालेल्या जाड पुस्तकात हे लिहिलेले असते, पण ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आले नव्हते. आम्ही त्यांना इंदूर रस्त्याने एक फेरी मारायला लावली. पाऊण तासाने दिवा विझला. त्यांना आनंद झाला, पण थोडे वाईटही वाटलेले दिसले. एक तक्रार हातची गेली ना!

गर्दीत ओरडणारे इशारे तर आपले कामच करत होते. पातळ कडेचे टायर गुळगुळीत रस्त्यासाठी केलेले असतात, त्यात दोष गाडीचा किती आणि नगरपालिकेचा किती हे ज्याने त्याने ठरवावे. उरला तो पडदा आणि उरली ती टिकटिक. टिकटिकीचेही एक गंमतीचे शास्त्र आहे. अशा गाड्यांत जाड काचा आणि आवाज शोषणारे थर घालून बाहेरचा गलका अडवलेला असतो. मग एखादी प्लॅस्टिकची खिट्टी सैल राहिली, किंवा पहाटेच्या थंडीने आकसली, तर तिचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. आमच्या जुन्या गाडीत अशा पन्नास खिट्ट्या वाजत असतील. त्या आम्हांला कधी ऐकू आल्या नाहीत, कारण सारी गाडीच वाजत असे. म्हणजे त्यांनी पैसे मोजले ते शांततेसाठी, आणि त्या शांततेनेच त्यांची शांती घालवली.

खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी आमच्या ओठांवर एक उपदेश आला होता. ज्यांना सायकल मिळत नाही त्यांचा विचार करा, देवाचे आभार माना, वगैरे. तो आम्ही गिळला, हे बरे झाले. समाधान ही ज्याने त्याने स्वतः शिकायची गोष्ट आहे. दुसऱ्याला ते शिकवताना आपल्या खिशातले काही जात नाही. शिवाय त्या उपदेशात थोडा मत्सरही होता, हे आमच्या पत्नीने त्या रात्री आमच्या लक्षात आणून दिले.

आणि तक्रार करणे हे मुळात पापही नव्हे. किंमत हे दोन्ही बाजूंचे वचन असते. घेणाऱ्याने पुरे पैसे द्यायचे आणि देणाऱ्याने सांगितली तशी वस्तू द्यायची. हे वचन पाळले जावे म्हणून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. आजच्या नियमाप्रमाणे पन्नास लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि त्यावरची राज्य आयोगाकडे. म्हणजे आमच्या स्नेह्यांना टिकटिकीसाठी उज्जैन सोडून भोपाळ गाठावे लागले असते. त्यांनी तसा विचारही केला होता.

आम्ही त्यांना दोन खटले सांगितले. २००६ साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, दोष असलेला भाग बदलून काम होणार असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा हुकूम योग्य नाही. दुसरा खटला मर्सिडीजचा. एका कंपनीने आपल्या संचालकांच्या वापरासाठी गाडी घेतली, ती २००३ मध्ये ताब्यात आली. तक्रार काय, तर पुढच्या दोन आसनांमधला उंचवटा फार तापतो. राष्ट्रीय आयोगाने ग्राहकाची बाजू उचलून धरली, प्रकरण वर गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो जुलै २०२४ मध्ये. एकवीस वर्षे! त्या वर्षी जन्मलेले मूल एव्हाना पदवीधर झाले असेल. त्यांचा हक्क नव्हता असे आम्ही म्हणत नाही, न्यायालयानेही तो ऐकून घेतलाच. पण एका उंचवट्याची उष्णता एकवीस वर्षे जपून ठेवणे म्हणजे काय, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती आपल्या महाराष्ट्रातली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या धनिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे पासष्ट कोटींची ही खरेदी. स्टेट बँकेने बरेचसे कर्ज दिले, तेही सात टक्के व्याजाने. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षअखेरीस 'द हिंदू'त लिहून दाखवले की त्याच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी जास्त व्याज भरावे लागत होते. आता या दोघांच्या वाहनांत बिघाड झाला तर? मोठ्या गाडीवाल्याला बसायला गार खोली, कॉफी, आणि गाडी तयार होईपर्यंत बदली गाडी मिळते. ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत बंद पडला तर हंगाम जातो, हप्ता थांबत नाही. आमच्या मुक्कामात ज्या ई-रिक्षाने आम्ही महाकालच्या रस्त्याने गेलो, तिच्या चालकाची बॅटरी सात महिन्यांत दम सोडू लागली होती. तक्रार केलीत का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "किसके पास, बाबूजी? एक दिन की कमाई जाएगी." त्याचा बिघाड मोठा होता आणि तक्रार नव्हती. याचा अर्थ आमच्या स्नेह्यांनी गप्प बसावे असा नाही. पण तक्रार करता येणे हीदेखील त्या पन्नास लाखांत मिळालेली एक सोय आहे, हे त्यांना तोपर्यंत कधी सुचले नव्हते. आम्हांलाही नव्हते.

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात सौदा करणाऱ्या माणसाचे एक चित्र आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि घरी गेल्यावर त्याच मालाची बढाई मारतो. आमच्या स्नेह्यांचा क्रम थोडा वेगळा होता, पण माणूस तोच. इंदूरच्या कार्यशाळेत गाडी म्हणजे डबा. शेजारच्या जैन कुटुंबापुढे मात्र, "लोण्यावर चालल्यासारखी चालते." आणि मुलाने एकदा विकण्याची गोष्ट काढली तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "बाबा, थंडीत दाखवू नका, उन्हाळ्यात दाखवा. तेव्हा वाजत नाही." वहिनी तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "मग घेणाऱ्याला काय फक्त उन्हाळाच येणार आहे?" मुलगा उठून गेला.

आता मूळ गोष्ट. आम्ही तिथे असतानाच टिकटिकीसाठी गाडी तिसऱ्यांदा इंदूरला न्यायची होती. पंचावन्न किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. आम्हीही गेलो. तिथे एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा त्यांचे काम पाहत असे. त्याने फळी उघडून घेतली, स्वतः शेजारी बसून गाडी फिरवून आणली, फेल्टच्या पट्ट्या लावल्या, पुन्हा फिरवली. दुपारचे जेवण त्याने घेतले नाही. आवाज गेला. निघताना तो गाडीजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, कंपनी से फोन आएगा. दस दे दीजिएगा. नौ भी दिया तो हमारा कट जाता है."

ही पद्धत आता सर्वत्र आहे. दुरुस्तीनंतर फोन येतो, दहापैकी किती गुण देता असे विचारतात, आणि त्या आकड्यावर मालकाचे नव्हे तर या पोरांचे पैसे ठरतात. आमच्या स्नेह्यांच्या मनात पहिल्यापासून दोन हा आकडा पक्का होता. परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही सांगा. दहा म्हणालो तर खोटे. दोन म्हणालो तर त्या पोराच्या पोटावर पाय. काय करू?"

आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. दया म्हणून दहा सांगावे असे आधी वाटले. पण मग तिथल्या वरच्या लोकांना कधीच कळणार नाही की तीन खेपा पडल्या, आणि पुढचा गाडीवालाही तीन खेपा घालील. शिवाय सगळेच दहा देऊ लागले म्हणजे नऊला शिक्षा होणारच. आपल्या दयाळू खोट्यामुळेच त्या मुलांच्या गळ्यातला फास आवळत जातो.

घरी परतल्यावर आम्ही हा प्रश्न आमच्या रविवार शाळेच्या मोठ्या मुलांपुढे ठेवला. बहुतेकांनी पटकन "खरे सांगावे" असे उत्तर दिले. ते उत्तर शिक्षकांना आवडते हे त्यांना माहीत असते. एक मुलगी मात्र म्हणाली, "पण ते विचारतात काय? गाडी कशी आहे ते, की तो मुलगा कसा आहे ते?" आम्ही म्हणालो, ते धड सांगतच नाहीत. "मग त्यांनी आधी प्रश्न खरा विचारावा," ती म्हणाली. शिक्षकांनी हा प्रश्न आपापल्या वर्गात विचारून पाहावा. आमच्या वर्गात त्या दिवशी तास संपला तरी मुले उठली नाहीत.

आमच्या स्नेह्यांना फोन आला तो आम्ही तिथे असतानाच, तिसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी तो आम्हांला ऐकू येईल असा लावला. ते म्हणाले, "मुलाला दहा. गाडीला सहा." पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली, "सर, एक ही नंबर भर सकते हैं." ते बराच वेळ गप्प राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मग ते म्हणाले, "आठ." आणि फोन ठेवल्यावर लगेच कागद घेऊन बसले. कार्यशाळेच्या मुख्याला त्यांनी दोन पानी पत्र लिहिले. मुलाने काय काय केले, तो जेवला नाही, दोष आधीच्या दोन खेपांचा होता, त्याचा नव्हता, आणि आठ हा आकडा कुणासाठी होता. आम्ही ते वाचले. तक्रारीचे पत्र इतके काळजीपूर्वक लिहिलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

पत्राला उत्तर आले नाही. उन्हाळ्यात ते तेल बदलायला गेले तेव्हा तो मुलगा तिथेच होता. त्याने चहा आणून ठेवला, कागदावर सही घेतली, पण वर पाहिले नाही. त्याचे पैसे कापले गेले की नाही, हे विचारायचे त्यांना धाडस झाले नाही.

नोव्हेंबरात त्यांचे पत्र आले. उज्जैनला थंडी पडू लागली आहे आणि पहाटे ती टिकटिक पुन्हा सुरू झाली आहे. गाडी अजून इंदूरला नेलेली नाही.