करार आणि कौल

कामगार-संघाच्या सभेपुढें मालकाशीं व्हावयाच्या कराराचा मसुदा येतो, तेव्हां सभासदानें हात कोणाच्या वतीनें वर करावा? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. पण तो नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें. ज्यानें त्यानें आपलें हित पाहावें आणि बहुमत होईल तें सर्वांचें हित समजावें, हें त्याचें सामान्य उत्तर होय. तें अपुरें कां, हें पाहण्यास अलिबागेजवळचें चरी गांव पुरेसें आहे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजीं, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील या गांवीं, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांची सभा भरली आणि खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहींत असें ठरलें. २५ गांवांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. सभेंत प्रत्येक हाताचें मोल सारखें. पण त्या हातामागची किंमत सारखी कशी असेल? ज्याच्या घरीं मासेमारीची किंवा मोळीविक्रीची जोड, तो एक पावसाळा थांबूं शकतो. ज्या विधवेच्या घरीं भाताच्या कणगीवांचून कांहींच नाहीं, तिला तोच पावसाळा जड जातो. पहिल्यानें केवळ आपल्यापुरता विचार करून संपास होकार दिला, तर तो दुसरीच्या उपासाचा निर्णय करतो. आणि ज्येष्ठांस वाढ व नव्यांस कपात देणाऱ्या करारास ज्येष्ठांनीं होकार दिला, तरी अन्याय तोच.

मग स्वतःचें हित विसरून पुढारी सांगेल तसें मत द्यावें काय? तेंही नव्हे. आपल्या चुलीचें ज्ञान आपल्यालाच असतें. तें सभेपुढें न मांडणारा सभासद त्याग करीत नसून सभेस फसवीत असतो. म्हणून बोलतांना आपल्या घराचें बोलावें आणि हात वर करतांना सर्वांत दुबळ्या घराकडे पाहावें. संपास दिलेला होकार म्हणजे आपल्या कणगींतला वांटा देण्याचें वचन होय.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणें मालकांशीं बोलण्याचा अधिकार एका मान्यताप्राप्त संघाचा. कामगार मात्र मोठ्या संख्येनें दत्ता सामंतांच्या मागें. ज्यांच्या चुली विझल्या, त्यांच्या हातांना करारांत जागाच नव्हती. मत चुकण्याहून मत न विचारलें जाणें हें अधिक दुःखद.

कोणी म्हणेल, कुळांना कायद्याचें संरक्षण हवें हें तत्त्व १९३९ च्या कूळकायद्यानें मान्य केलें, म्हणून चरीचा निर्णय योग्य. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं. १९३३ सालीं फळ कोणास ठाऊक होतें? निर्णयाची योग्यता फळावरून नव्हे, तर ज्यांनीं तो सोसावयाचा त्यांना आधीं विचारलें कीं नाहीं, यावरून ठरते.

आमच्या कोंकणांत देवाला कौल लावतात. फूल ज्या बाजूस पडेल, त्याची जबाबदारी देवावर टाकून माणूस मोकळा होतो. सभेंतल्या कौलास ती सोय नाहीं. तेथें फूलही आपण, आणि देवही आपणच.