वरचे पाणी आणि खालचा माणूस

धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे चुणचुणीत मूल कधीतरी विचारतेच : “देवाने पाण्याचे दोन भाग केले, तर वरचे पाणी कुठे आहे?” प्रश्न उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या दुसऱ्या दिवसाचा असतो. वरचे पाणी वर आणि खालचे खाली राहावे म्हणून परमेश्वर त्यांच्यामध्ये जे निर्माण करतो, त्याला मराठी पवित्र शास्त्रात ‘अंतराळ’ म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्द ‘राकिया’. जुन्या करारात तो सतरा वेळा येतो. त्यांपैकी नऊ वेळा याच एका अध्यायात.

ज्या धातूपासून हा शब्द बनला त्याचा अर्थ ठोकणे, ठोकून पसरविणे असा आहे. निर्गमाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात महायाजकाच्या वस्त्रासाठी सोने ठोकून त्याचा पातळ पत्रा करतात, तेथे हेच क्रियापद आहे. ग्रीक भाषांतरकारांनी ‘स्तेरेओमा’ आणि संत जेरोम यांनी ‘फिर्मामेन्तुम’ असे शब्द योजले. दोहोंत भक्कमपणाचा भाव आहे. पसरण्यावर भर देऊन काही अभ्यासक ‘विस्तार’ असा अर्थ घेतात, हेही खरे. परंतु वरच्या पाण्याला तोलून धरणारे छत, ही कल्पना प्राचीन इस्राएलच्या आणि शेजारच्या लोकांच्या मनात होती, हे नाकारता येत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. शास्त्राची लाज राखण्यासाठी जुन्या शब्दात नवे विज्ञान भरण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? ‘अंतराळ’ हा शब्द आज आपल्याला अवकाशयानांची आठवण करून देतो. मग कोणी उत्साहाने सांगतो की, विश्व प्रसरण पावते हे बायबलने आधीच सांगितले होते. हेतू चांगला असला तरी हे खोटे समर्थन आहे. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच बजावले होते की, निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून ते शास्त्राच्या माथी मारणारा ख्रिस्ती माणूस शास्त्राचेच हसे करतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात हीच दिशा दाखविली : शास्त्र आपल्या तारणासाठी लागणारे सत्य शिकविते आणि ते समजण्यासाठी लेखकाच्या काळाची बोलण्याची रीत जाणून घ्यावी लागते.

आपली स्वतःची भाषा तरी काय करते? आभाळ फाटले, आभाळाला ठिगळ कुठे लावणार, असे आपण सहज म्हणतो. आभाळ कापडाचे आहे असे आपण मानत नाही. तरी आपण खोटेही बोलत नसतो.

अर्थ लावताना चूक झाली, तर तिची किंमत माणसे मोजतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे निजलेल्या माणसांवर कोसळली. सास्तूरसारख्या गावांत घरेच्या घरे गेली. पुढे कित्येक दिवस पत्र्याचे छप्पर हेच वाचलेल्यांचे आकाश झाले. याच दुष्काळी जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याच्या शिवारांत पूर आला. जलप्रलयाच्या कथेत आकाशाच्या खिडक्या उघडतात. त्या खिडक्या अक्षरशः खऱ्या मानणारा माणूस अशा वेळी विचारतो : देवाने त्या कोणासाठी उघडल्या? कोणाच्या पापासाठी छप्पर पाडले? आणि मग तो मेलेल्यांवरच आरोप ठेवून मोकळा होतो.

प्रभू येशूने हा दरवाजा बंद केला आहे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या पश्चात्तापाकडे वळविले. छप्पर का पडले याचे उत्तर भूगर्भात आणि भिंतींच्या बांधणीत शोधायचे. पडलेल्याला हात कोण देणार याचे उत्तर आपल्यात.

मग राकियातून आपण काय घ्यावे? उत्पत्तीच्या लेखकाच्या दृष्टीने पाणी म्हणजे गिळून टाकणारा गोंधळ होता. देवाने त्याला मर्यादा घातली आणि माणसाला जगायला जागा केली, हे त्याला सांगायचे होते. त्याच्याजवळ ठोकलेल्या पत्र्याची प्रतिमा होती. त्याने तीच वापरली. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. कुंभार मडके थापटतो ते फोडण्यासाठी नव्हे. आतून हाताचा आधार देऊन तो त्यात पाण्यासाठी जागा करीत असतो. राकिया समजून घ्यायला मला हे चित्र फार उपयोगी पडते.

याच जिल्ह्याच्या शहरात जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. भाषांतर हे निष्ठेचे काम आहे : मूळ शब्दाशी निष्ठा आणि वाचणाऱ्या माणसाशीही. तेव्हा वर्गातल्या त्या मुलाला आपण खरे तेच सांगावे. “बाळा, वर पाणी साठवलेले छत नाही. तसे आहे असे जुन्या लोकांना वाटे. पण देवाने आपल्याला राहायला जागा केली, हे त्यांनी ओळखले होते. ती जागा शेजाऱ्यालाही मिळते आहे ना, एवढे आपण पाहायचे.”