गुरुनिंदा आणि तक्रार

पुण्यात कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेण्यास जी मंडळी पुढे येतात, त्यांत हल्ली कॉलेजातली मुले पुष्कळ असतात. कोणी बारामतीकडचा, कोणी बीडकडचा. पेठेत खोली, खानावळीचा डबा आणि घरी माळकरी आईबाप. त्यांचा एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. “महाराज, आमचे सर तासाला येत नाहीत, आले तर शिकवत नाहीत. मर्जीतल्याला गुण देतात, शंका विचारली तर भर वर्गात पाणउतारा करतात. घरी सांगावे तर वडील म्हणतात, गुरूची निंदा करू नये. मग आम्ही करावे काय?”

वडील म्हणतात ते खोटे नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायात आचार्योपासना किती विस्ताराने गायिली आहे, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. पण गीतेतला क्रम पाहा. आचार्योपासना हे ज्ञानाचे सहावे लक्षण. त्याच्या आधी अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती आणि आर्जव ही पाच येतात. ही पाच केवळ शिष्यालाच लागू, आचार्याला नव्हेत, असे कोणत्या शास्त्रात आहे? जो पोराचा अपमान करून सुखावतो, त्याच्या ठिकाणी अहिंसा कुठली आणि क्षांती कुठली?

कोणी म्हणेल, महाराज, हे तर्कट झाले. पूर्वी असे कोणी केले आहे काय? केले आहे. अंबेच्या निमित्ताने परशुराम आणि भीष्म समोरासमोर आले. भीष्म गुरूच्या पाया पडले, विनवणी केली. पण गुरूची आज्ञाच अयोग्य ठरली तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की, गर्वाने कार्याकार्य विसरून आडमार्गाला लागलेल्या गुरूचाही त्याग करता येतो. हे महाभारतातले आहे, आमच्या पदरचे नाही.

याज्ञवल्क्यांची कथा तर याहून बोधप्रद. वैशंपायन रागावले आणि म्हणाले, “माझी विद्या परत दे.” याज्ञवल्क्यांच्या बोलण्यात थोडा ताठा होता, हे खरे, पण शिक्षा अपराधापेक्षा फार मोठी होती. त्यांनी काय केले? विद्या परत टाकली आणि सूर्याची उपासना करून नवे यजुर्मंत्र मिळवले. गुरूवर रुसून त्यांनी विद्येशी वैर धरले नाही. आमच्या मुलांची चूक होते ती इथेच. सर वाईट म्हणून तो विषय टाकतात, वर्ग टाकतात, शेवटी पुणेच टाकून गावी परततात. अन्याय करणारा राहतो खुर्चीवर, आणि दंड भरतो तो ज्याने कर्ज काढून पोराला शिकायला पाठवले तो बाप.

आपल्या पुण्यातलेच एक उदाहरण घेऊ. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी विद्यार्थी विनायक सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. लोकमान्यांनी केसरीतून प्राचार्यांवर कडक टीका केली. परांजपे विद्वान आणि निःस्पृह होते, त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे शिस्त पाळली. सावरकरांच्या बाजूने तो अन्याय होता. तो वाद आम्हांस इथे उकरायचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, शिक्षा उघड होती, टीकाही उघड होती, आणि सावरकर शिक्षण न सोडता बी. ए. झाले. शिवाय पदवीची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घेत असे. आता गुणांचा काही भाग वर्गावरच्या प्राध्यापकाच्याच हाती असतो. म्हणून आजचे पोर त्याच्यापुढे गप्प बसते ते बहुधा भक्तीने नव्हे, भीतीने. भीतीला भक्तीचे नाव देणे हा भक्तीचाच अपमान होय.

तात्पर्य, निंदा आणि तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या. निंदा पाठीमागे होते, मनाची खाज भागवण्यासाठी होते. आता तर ती मोबाईलवर गावभर होते. तक्रार ज्याला निवाडा करता येतो त्याच्यापुढे, स्वतःच्या सहीने, पुराव्यासह होते. निंदा करू नये. तक्रार जरूर करावी.

मात्र आधी आपले मन तपासावे. सर कडक आहेत म्हणजे अन्यायी नव्हेत. दांडी मारणाऱ्याने हजेरीवरून ओरडू नये. मग शांतपणे, एकांतात, सरांनाच विचारावे. दाद लागली नाही तर कोणत्या तारखेला तास झाला नाही, कोण काय बोलले, हे वहीत लिहून ठेवावे आणि चार-पाच जणांनी मिळून विभागप्रमुखांकडे जावे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे, आणि तिथे समाधान झाले नाही तर लोकपालाकडे दाद मागता येते. आणि एखाद्या मुलीशी कोणी अभद्र वागत असेल, तर तिथे मन तपासत बसण्याचे कारणच नाही. तिने त्याच दिवशी घरी सांगावे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती त्यासाठीच आहे.

दरम्यान विद्या थांबवू नये. ग्रंथालय आहे, वरच्या वर्गातली मुले आहेत, त्याच विषयाचे दुसरे चांगले प्राध्यापकही आहेत. सगळेच वाईट नसतात. पुष्कळजण तास संपल्यावरही पोरांना घेऊन बसतात. त्यांच्या पायांवर डोके ठेवावे.

आईबापांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पोराने धीर करून गाऱ्हाणे सांगितले तर “तुझेच काही चुकले असेल” हे पहिले वाक्य तोंडातून काढू नका. आधी ऐका. घरी ज्याचे ऐकले जात नाही ते पोर मनात भलते आणू लागते. वारीत वाट चुकलेल्या माणसाला आपण रागावतो काय? हाताला धरून दिंडीत आणतो. तेवढी माया घरच्या पोराला मिळालीच पाहिजे.

शेवटी, नीट केलेली तक्रार ही विद्येची सेवाच आहे. तिचा लाभ तुम्हांला होईल न होईल; पण पुढच्या जूनमध्ये त्याच बाकावर दुसऱ्या कोणा शेतकऱ्याचे पोर येऊन बसणार आहे, त्याला तो खास होईल.