आधी घास, मग धीर

पोळीला तेल किती लागलंय ते बोटाने चाचपून पाहणारी, भात ताटभर पसरून ‘झालं माझं’ म्हणत उठणारी एखादी मुलगी आपण पाहिलेली असते. घरातले म्हणतात, थेरं आहेत. आजी म्हणते, आमच्या वेळी असली नाटकं चालली नसती. हट्टी, नखरेल, दिसण्याचं खूळ डोक्यात गेलेली, सगळं म्हणून होतं. ती घाबरलेली आहे, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वाटीभर वरणभाताची कसली आलीय भीती? पण ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया हे खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेल्या माणसाला ती खरोखर वाटते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, घास तोंडाशी येऊन अडतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं वर्णन प्रथम मांडलं, तेव्हा लठ्ठ होण्याची विलक्षण भीती हे त्यांनी या आजाराचं एक मुख्य लक्षण धरलं. बारीक दिसायची हौस पुष्कळांना असते आणि चार दिवसांत ती जाते. भीती जात नाही.

ती वाढते कशी, हे पाहण्यासारखं आहे. आज गोड टाळलं. टाळल्याबरोबर जिवाला हायसं वाटलं. घात होतो तो या हायसं वाटण्यातच, कारण मन त्यातून एवढंच शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. मग तूप बंद होतं, मग भात, मग बाहेरचं, मग दुसऱ्या कोणाच्या हातचं काहीही. सावकाराला व्याज द्यावं, त्याने तेवढ्यापुरतं गप्प बसावं आणि मुद्दल वाढतच राहावं, तसा हा व्यवहार.

यात खुद्द भुकेचा वाटा किती, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगातून दिसलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे जेमतेम निम्म्या आहारावर ठेवलं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे निरोगी, धडधाकट स्वयंसेवक. जाड होण्याच्या भीतीने कोणी तिथे आलं नव्हतं. तरी काही महिन्यांत ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, एकेक जेवण तासभर आणि त्याहून जास्त लांबवू लागले, ताटं चाटू लागले. स्वभाव चिडका झाला, माणसं नकोशी झाली. म्हणजे त्या मुलीचा विचित्रपणा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीने केलेलं असतं. उपाशी मेंदूशी वाद घालून काही हाती लागत नाही. ‘अगं, तू कुठे जाड आहेस?’ हे शंभरदा सांगून झालेलं असतं. ‘अशाने मरशील’ हा धाकही चालत नाही. मरण लांब असतं, ताट समोर असतं.

भीती दर वेळी जाडीचीच असते किंवा बोलून दाखवली जाते, असंही नाही. हाँगकाँगचे सिंग ली यांनी १९९० च्या दशकात लिहून ठेवलं की त्यांच्याकडचे कितीतरी रुग्ण जाडीचा विषयही काढत नाहीत. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच सांगतात. आपल्याकडेही गाडी आधी पित्ताच्या गोळ्यांवर जाते, मग पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव निघेपर्यंत बराच काळ उलटलेला असतो. शिवाय लपायला उपास आहेतच. चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार. पोरगी देवाधर्माला लागली म्हणून कौतुकच होतं. (उपासाच्या दिवशी खिचडी दुसऱ्यांदा मागून घेणाऱ्यांनी काळजी करू नये, हे त्यांच्याबद्दल नाही.) अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष बदलले, तेव्हा रुग्णाने भीती कबूल केलीच पाहिजे ही अट सैल केली. वजन वाढू न देण्याची सततची धडपड दिसली तरी पुरे.

बरं होतानाच्या भीतीबद्दल आपण त्याहून कमी बोलतो. ‘भीती गेली की जेवीन,’ असं रुग्ण म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो. उपचाराचा क्रम उलटा आहे. भीती वाटणाऱ्या पदार्थांची यादी करायची आणि त्यातला त्यात सोपा पदार्थ समुपदेशकाच्या किंवा घरच्यांच्या सोबतीने खायचा. भीती चढते, टिपेला जाते आणि उठून न जाता बसून राहिलं की सावकाश उतरते. दुसऱ्या दिवशी तीच पोळी आणि तीच भीती, जराशी कमी. कधी कमीसुद्धा नाही. त्याच्याही खाली आणखी एक भीती असते: हा आजार गेला तर माझं म्हणून उरेल काय? इतके दिवस त्यानेच तर दिवसाला शिस्त लावलेली असते. बाहेरच्याला काय, एक माणूस पोळीभाजी खाताना दिसतो. तेवढ्या वेळात त्याने काय पेललं, हे कोणाला कळतही नाही.

घरच्यांचं काय करायचं, यावर डॉक्टरांचं मत पार बदललं आहे. १८७४ मध्ये ॲनोरेक्सियाचं नामकरण करणारे विल्यम गल नातेवाइकांना सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे समजत. शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आईवडिलांनाच उपचारात घेतलं. दोष न देता मुलांच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. किशोरवयीन मुलांसाठी ही पद्धत आज जगभर वापरतात. मला हे पटतं, पण आपल्या घरांमध्ये एक पथ्य पाळावं लागेल: अंगावरून बोलायचं नाही. लग्नात भेटलेली मावशी ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस!’ म्हणते आणि आजाराला बक्षीस देऊन जाते. वर्षभराने तीच प्रेमाने म्हणते, ‘हां, आता तब्येत सुधारली हो!’ आणि मुलगी रात्रीचं जेवण टाकते. दोन्ही वेळा मावशीच्या मनात काही वाईट नसतं.

तेव्हा घरात असं कोणी असेल तर त्याच्या शेजारी ताट घेऊन बसा आणि शाळेच्या, क्रिकेटच्या, शेजाऱ्यांच्या गप्पा मारा. मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्याला मायेपोटी एकदम भरपेट वाढू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं. आहार कसा वाढवायचा, ते डॉक्टरांनी ठरवायचं. कोणाकडे जावं हेच कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.