कृपेचा हिशेब

माझे आजोबा १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोटीवर होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आजोबा वाचले. आमच्या घरात याला ‘पूर्वजांची पुण्याई’ म्हणतात. लहानपणी ते ऐकून बरं वाटायचं. मग वाटू लागलं, गटारीसाठी गावी निघालेल्या बाकीच्यांचे पूर्वज काय कमी पुण्यवान होते?

मुलाकडे बेलव्ह्यूला आल्यापासून हा प्रश्न पुन्हा छळतो आहे. इथल्याच वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ, केप फ्लॅटरीच्या दक्षिणेला, ४ नोव्हेंबर १८७५च्या रात्री ‘पॅसिफिक’ ही जुनी लाकडी आगबोट बुडाली. व्हिक्टोरियाहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली होती. ‘ऑर्फियस’ या शिडाच्या जहाजाशी टक्कर झाली. होड्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. जगले फक्त दोघे, हेन्री जेली हा प्रवासी आणि नील हेन्ली हा खलाशी. हेन्ली ज्या फुटक्या डेकवर तरंगत होता, त्यावर कप्तानासह आणखीही काही जण होते. लाटांनी एकेकाला ओढून नेलं. त्यांनी देवाला हाक मारली नसेल?

‘ऑर्फियस’ मदतीला न थांबता पुढे गेलं आणि लवकरच व्हँकुव्हर बेटाच्या खडकांवर फुटलं. इथे कुणीही म्हणेल, पापाची शिक्षा! पण त्यावरचे सगळे वाचले. हा हिशेब मांडायचा कसा?

माझ्या मते तो मांडूच नये. वाचलेल्याने हात जोडून ‘कृपा’ म्हणावं, तो त्याचा हक्क आहे. पण तोच शब्द बुडालेल्यांना लावला की तो निवाडा होतो. शिवाय ‘त्यांचं तसंच लिहिलं होतं’ म्हटलं की अपुऱ्या होड्या ठेवणारा मालकही सुटतो आणि न थांबणारा कप्तानही. हे मला सहन होत नाही.

आजोबांना पाण्यातून ओढून काढलं ते मासेमारी करणाऱ्या कोळ्यांनी. त्यांनी त्या दरियात आपल्या होड्या वळवल्या आणि हाती लागतील त्यांना वर घेतलं. आजी देवापुढे रोज दिवा लावायची आणि दर दिवाळीला त्या कोळ्यांच्या घरी फराळाचा डबा पाठवायची. या दोन्हींत तिला कधी विरोध दिसला नाही. मलाही दिसत नाही.